बाबांची रांग

शनिवारी बाबा गेले आणि मंगळवारी सकाळी आठ वाजता त्यांचा निरोप आला, 'मी ठीक आहे.' शेजारी हिरवा ठिपका.

मी ओट्यापाशी उभी होते. हातातला कप खाली ठेवला आणि आतल्या खोलीत जाऊन कपाट उघडलं. बाबांचा फोन मीच त्यांच्या राखाडी स्वेटरमध्ये गुंडाळून खालच्या कप्प्यात ठेवला होता. तो होता तिथेच होता, बंद. बटण दाबून पाहिलं, पडदा काळाच राहिला. मागचे निरोप चाळले तर रविवारी आणि सोमवारीही आठच्या ठोक्याला एकेक आलेला. घरात माणसं होती, रडारड होती, फोनकडे पाहायला कुणाला सवड नव्हती.

मला स्वतःचाच राग आला. ज्या कामावर माझं पोट चालतं त्यालाच मी घाबरायचं? निरोप कुठेतरी अडकले असतील, सुटतील, संपतील, असं मनाशी म्हटलं आणि गार झालेला चहा पिऊन टाकला.

हे निरोपांचं प्रकरण आमच्याच कंपनीचं. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी आम्ही फोनवर दोन मोठी बटणं दिली होती. हिरवं म्हणजे 'मी ठीक आहे', लाल म्हणजे 'मदत हवी'. सकाळी हिरवं दाबलं की आठ वाजता मुलांच्या फोनवर ठिपका उमटतो. लाल दाबलं की मुलांना आणि आमच्या मदत केंद्राला ताबडतोब कळतं, केंद्र गाडी पाठवतं. दहापर्यंत काहीच आलं नाही तर मुलांना इशारा जातो, जाऊन पाहा म्हणून. चार हजार म्हातारी माणसं रोज ही बटणं दाबत होती. बाहेरून एवढंच दिसतं. आत मात्र तीन थर आहेत, वेगवेगळ्या यंत्रांवर, वेगवेगळ्या इमारतींत. पुढचा थर बटणं आणि ठिपके दाखवतो. मागचा थर सगळं जपून ठेवतो. मधला ठरवतो की कोणता निरोप कधी, कुठे आणि कुणाच्या आधी जाणार.

पुढचा थर चिमणीचा. सतत चिवचिवाट करणारी मुलगी म्हणून चिमणी. मागचा थर भांडारींचा, निवृत्तीला आलेला अवजड माणूस, आलेली कुठलीही गोष्ट फेकायची नाही हा त्यांचा धर्म. मधला थर माझा. घरातही मी मधलीच, थोरल्या भावाच्या आणि धाकट्या बहिणीच्या मध्ये सापडलेली. 'पुढच्यास ठेच, मागचा शहाणा' ही म्हण ज्यानं कुणी केली त्यानं मधल्याचा विचारच केलेला नाही.

बुधवारी निरोप आला. गुरुवारी आला. गुरुवारी दादाचा फोनही आला.

"हे काय चाललंय? मेलेल्या माणसाची थट्टा करता काय तुम्ही लोक?"

"अडकलेले निरोप आहेत, दादा. बघते मी."

"बघ. आणि एक सांग. त्या शनिवारचा निरोप तरी खरा होता ना?"

त्याला काय विचारायचंय ते मला कळलं. दादा दर पंधरा दिवसांनी शनिवारी बाबांकडे जायचा. त्या शनिवारी दुपारी बारा वाजता त्यानं कुलूप उघडलं तेव्हा बाबा स्वयंपाकघर आणि पलंग यांच्या मधल्या बोळात पडलेले होते, फोन हाताशी. डॉक्टर म्हणाले, दोन दिवस तरी झाले असावेत. दादानं त्यांच्यापुढे फोन धरला, हे बघा, आज सकाळी आठला निरोप आलाय, काल आलाय, परवा आलाय. डॉक्टरांनी खांदे उडवले आणि कागदावर शनिवार सकाळ लिहिली. त्या चार तासांवर आम्ही तिघं भावंडं उभी होतो. चार तासांत कुणी काय करणार होतं? पण दोन दिवस म्हटले की सगळंच बदलतं. बाबांचं घर माझ्यापासून चाळीस मिनिटांवर आहे. पूर्वी मी रोज फोन करायचे. ठिपका यायला लागल्यापासून करत नव्हते. ठीक आहेत म्हटल्यावर फोन कशाला?

"खरा होता," मी म्हणाले.

"मग ठीक आहे," दादा म्हणाला आणि ते दोन शब्द आपणच उच्चारले हे लक्षात येऊन त्यानं फोन ठेवला.

संध्याकाळी धाकटीचा फोन. ती माझ्यासारखी नाही, मनात आलेलं बोलून मोकळी होते.

"ताई, ते बंद करू नकोस. दादा काहीही म्हणू दे. मी रोज आठला त्यांना उत्तर देते."

"काय उत्तर देतेस?"

"हो बाबा, म्हणते. आणखी काय म्हणणार?"

मी तिला वेड्यात काढणार होते. पण त्याच सकाळी मीही ओट्यापाशी उभी राहून "हो" म्हटलं होतं. मोठ्यानं.

खरं सांगायचं तर मला तपासायचंच नव्हतं. चोराच्या मनात चांदणं, तसं माझं झालं होतं. निरोप अडकवण्याची सोय अख्ख्या व्यवस्थेत एकाच ठिकाणी आहे आणि ती माझ्या थरात आहे, हे मला मंगळवारी ओट्यापाशीच ठाऊक होतं. तरी मी तीन दिवस घरात बसून राहिले, दुःखाच्या नावाखाली. ते तीन दिवस मला अजून गिळवत नाहीत.

शुक्रवारी आठचा निरोप पाहिला आणि कामावर गेले.

चिमणी मला बघून पहिल्यांदाच गप्प उभी राहिली. मग म्हणाली, "मॅडम, मी पाहिलं सगळं. मधून जे येतं तेच मी दाखवते. माझ्याकडे काही साठत नाही."

भांडारी चष्मा पुसत म्हणाले, "बाई, माझ्याकडेही मधूनच येतं. आलं की ठेवतो. रोज आठला एक निरोप आलाय, मी एक ठेवलाय."

पुढची आणि मागचा दोघांनी हात वर केले. मी माझ्या खुर्चीवर बसले आणि रांग उघडली.

रांगेचं थोडक्यात सांगते. सुरुवातीला काही म्हातारी माणसं बटण दोन-दोनदा दाबायची आणि त्यांची मुलं तक्रार करायची, एकाच सकाळी तीनदा फोन वाजतो म्हणून. मग मी नियम केला, प्रत्येक माणसाचा 'ठीक आहे' दिवसाला एकच पुढे जाईल. जास्तीचे फेकून देता आले असते. पण आमच्या कचेरीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, 'एकही निरोप हरवणार नाही.' ते वाक्य मीच सुचवलं होतं. म्हणून जास्तीचे निरोप मी रांगेत उभे केले. सकाळी आठला दार उघडतं, ज्याच्या त्याच्या रांगेतला पहिला निरोप पुढे जातो, दार बंद. निरोपावर वेळ टाकायची ती दार उघडल्याची, कारण म्हाताऱ्या माणसांच्या फोनमधली घड्याळं भलतीच चालतात. फोनची स्वतःची वेळ मी निरोपाच्या एका कोपऱ्यात टिपून ठेवायची सोय केली होती. ती कुणी कधी वाचत नव्हतं. मीही नाही.

या रचनेचं कौतुक झालं होतं. साहेबांनी सगळ्यांसमोर फळ्यावर काढून दाखवायला लावली होती.

बाबांच्या रांगेत एकशे सतरा निरोप उभे होते.

मी कोपऱ्यातल्या वेळा वाचायला लागले. आज सकाळी मला आलेला निरोप बाबांनी दीड महिन्यापूर्वी दाबलेला होता. दादानं डॉक्टरांपुढे धरलेला शनिवारचा निरोपही जवळजवळ तितकाच जुना. रोज सकाळी पावणेसातच्या सुमाराला तीन निरोप. एक, दोन, तीन, पाच-पाच सेकंदांच्या अंतरानं. आधी गेलेले धरून साठ दिवस, एकही खाडा नाही. रोज तीन यायचे, एक जायचा, दोन मागे उरायचे.

तीनदा का, हे मला कुणी सांगायला नको होतं. फोन शिकवायला मीच गेले होते. बाबा खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते, चष्मा कपाळावर, फोन लांब धरून.

"हे एकदा दाबलं की कुणाला कळतं?"

"आम्हा तिघांनाही, बाबा."

"एकदाच दाबून तिघांना? एका हाकेला तीन पोरं कधी आली होती का घरात?" असं म्हणून ते हसले होते. "थोरल्याला एक, मधलीला एक, धाकटीला एक. वाटणीवरून भांडण नको."

मला वाटलं, गंमत करताहेत. बाबा गंमत करत नव्हते. आमच्या चाचणीतली म्हातारी माणसं फार शहाणी होती, कारण ती आम्हीच होतो. आम्ही बटण एकदाच दाबायचो आणि पुढे काय होतं ते बघायचो. तीन मुलांसाठी तीनदा दाबणारा बाप आमच्या कागदावर कुठेच नव्हता.

एकशे अकरा 'ठीक आहे' वाचून झाले. शेवटचे तीन बुधवारच्या सकाळचे, पावणेसातचे. ते गेले त्या आठवड्यातला बुधवार. रांग तिथे संपायला हवी होती.

त्यानंतर लाल होते. बुधवार, अकरा वाजून वीस मिनिटं. मदत हवी. मदत हवी. मदत हवी. पाच-पाच सेकंदांच्या अंतरानं.

लाल बटणाला दिवसाचा नियम नाही. ते केव्हाही दार उघडू शकतं. पण दार उघडल्यावर माझा पहारेकरी, म्हणजे मी लिहिलेला प्रोग्राम, फक्त रांगेतल्या पहिल्या निरोपाकडे बघतो, कारण क्रम मोडायचा नाही हाही माझाच नियम. त्यानं बघितलं, पहिला उभा होता 'ठीक आहे'. आजचा 'ठीक आहे' तर गेलेला. त्यानं दार लावून घेतलं. चाचणीत रांग नेहमी रिकामी असायची आणि लाल बटण एका क्षणात पोचायचं. आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या.

म्हणजे बाबांची हाक मला पोचायला अजून एकशे अकरा सकाळी होत्या.

मला वाटलं, हेच शेवटचं. नव्हतं. त्याखाली अजून तीन निरोप होते, गुरुवारचे, सहा वाजून अठ्ठेचाळीस मिनिटांचे. हिरवे. मी ठीक आहे, मी ठीक आहे, मी ठीक आहे. अख्खा दिवस आणि अख्खी रात्र कुणी आलं नाही, आणि सकाळ झाल्यावर त्यांनी जमिनीवर पडल्या पडल्या थोरल्याला एक, मधलीला एक, धाकटीला एक असं पाठवलं. सवयीनं, की आम्ही काळजी करू म्हणून, हे मला कधीच कळणार नाही. मी टेबलावर डोकं टेकवून रडले. चिमणीनं पाठीवर हात ठेवला, तो मी झटकला.

भांडारी मागून वाचत होते. ते हळूच म्हणाले, "बाई, बाकीच्यांच्या रांगा?"

त्या एका वाक्यासाठी मी त्या माणसाचे पाय धरीन. चार हजार रांगांमध्ये कुठे कुठे लाल उभं आहे ते आम्ही तिघांनी शोधलं. पाच सापडली. चार जुनी होती, चुकून दाबलेली. फोन लावले, माणसं धडधाकट, वर आमच्यावरच खेकसली. पाचवं त्याच सकाळचं, साडेसातचं. एकटी राहणारी निवृत्त परिचारिका, तिच्या लाल निरोपापुढे नऊ हिरवे उभे. चिमणीनं मदत केंद्राला सांगून गाडी काढली, भांडारींनी शेजाऱ्यांना फोन करून दार तोडायला लावलं. बाई न्हाणीघरात खुबा मोडून पडल्या होत्या. शुद्धीवर होत्या. शेजाऱ्याच्या फोनवरून त्यांचा आवाज आला, "साडेसातपासून दाबतेय. तुम्ही लोक काय चहाला गेला होतात?"

"हो," मी म्हणाले. दुसरं काय सांगणार होते?

दुपारपर्यंत नियम बदलला. लाल निरोप सगळ्यांच्या आधी जाईल, रांग कितीही असो. हिरवा ज्या दिवशीचा त्याच दिवशी चालेल, उरलेले न वाजता भांडारींच्या कोठारात जातील. निरोपावर वेळ पडेल ती बटण दाबल्याची. मोजून बावीस ओळींचा बदल होता. साहेबांना मी सगळं लिहून पाठवलं, चुकीपुढे माझं नाव घातलं.

नवा नियम लागू करायच्या आधी भांडारी माझ्याजवळ येऊन बसले. "बाबांची रांग मी बाजूला काढतो. नुसती पुसून टाकायची. तुमच्या घरी कुणाला कळायचं नाही. डॉक्टरांचा कागद आहेच."

आयुष्यात पहिल्यांदा हा माणूस काहीतरी पुसायला तयार झाला होता, आणि तो माझ्यासाठी. मला मोह झाला. दादा आयुष्यभर त्या चार तासांवर झोपला असता. धाकटी आणखी एकशे अकरा सकाळी "हो बाबा" म्हणाली असती. फक्त मलाच ठाऊक असतं, आणि मधल्यांना अशी ओझी वाहायची सवय असते.

पण ते निरोप एकट्या मला नव्हते. मला त्यातला एकच होता.

मी दोघांना एकदम फोनवर घेतलं आणि सांगितलं. दादाच्या मागे कुठेतरी गाड्यांचे आवाज येत होते.

"म्हणजे डॉक्टर बरोबर होते," तो म्हणाला.

"हो."

"आणि मी त्यांना खोटं पाडलं. तुझ्या ठिपक्याच्या जोरावर."

"हो, दादा."

मला वाटलं, आता तो बोलेल. मला तोडून टाकेल. मला ते हवंही होतं. पण धाकटीच मध्ये म्हणाली, "ताई, माझा मला पाठव."

"काय पाठवू?"

"लाल. माझ्या वाटणीचा. बाबांनी पाठवला होता ना?"

दादा म्हणाला, "मलाही."

मदत केंद्राला वगळून मी तीन लाल निरोप सोडले, ज्याचा त्याला. माझाही आला. 'बाबा: मदत हवी. बुधवार, ११:२०.' मग हिरवे तीन. मग रांग रिकामी झाली. फोनवर कुणीतरी रडत होतं, बहुतेक दादा. त्याला रडताना मी आधी कधी ऐकलेलं नव्हतं, म्हणून खात्री नाही.

शनिवारी सकाळी मी कचेरीत एकटीच होते. नवा नियम कसा चालतो ते डोळ्यांनी पाहायचं होतं. आठ वाजले, चार हजार जणांचे ठिपके उमटत गेले. माझा फोन वाजला नाही. मी तरी त्याच्याकडे बघत बसले.

दहाच्या ठोक्याला वाजला. 'बाबांकडून आज निरोप आलेला नाही. कृपया ताबडतोब जाऊन पाहा.'

बाबांचं नाव यादीतून काढायचं राहून गेलं, असं मी सगळ्यांना सांगते. राहून गेलं नव्हतं. माझा हात धजला नव्हता. हा इशारा यायला हवा होता त्या शुक्रवारी आणि शनिवारी. आला तो आज, अगदी वेळेवर. कुणीतरी 'जाऊन पाहिलं' दाबेपर्यंत तो दर पंधरा मिनिटांनी वाजत राहतो. सव्वादहाला वाजला. साडेदहाला वाजला. मी दाबू शकत नव्हते, मी जाऊन पाहिलं नव्हतं.

पावणेअकराला दादाचा फोन आला.

"मी दाबलं. जाऊन पाहिलं म्हणून. मीच पाहिलं होतं ना."

"हो, दादा."

"आता इथं विचारतंय, तुमचा माणूस सुखरूप आहे का? हो आणि नाही, दोनच बटणं आहेत. काय दाबू?"

चिमणीनं तो प्रश्न लिहिला तेव्हा आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या.

"नाही दाब."

"नाही दाबलं की काय होतं?"

"गाडी निघते. त्यांच्या घराकडे."

दादानं दोन्ही बटणं पुन्हा मोठ्यानं वाचली. मग म्हणाला, "मी हो दाबू शकत नाही गं."

"नाही दाब, दादा. गाडी मी इथून थांबवते."

त्यानं दाबलं. माझ्या समोरच्या पडद्यावर लाल ओळ आली, बाबांचा पत्ता, तिसरा मजला, उजवीकडचं दार. एका सेकंदात आली, कुठेही न अडकता, सगळ्यांच्या पुढे. केंद्रानं गाडीला नंबर दिला. मी त्या ओळीवर बोट ठेवलं आणि मदत थांबवली.